नाशिकच्या विज्ञानकथा मेळाव्याच्या संयोजकांना खुलं पत्र: खेळाची टेबलं जिन्याजवळ नकोत

नमस्कार मंडळी,

मेळाव्याचा कच्चा कार्यक्रम वाचला. नाशिकमध्ये दोन दिवस फक्त विज्ञानकथा, तेही मराठीत, हे कुणीतरी मनावर घेतलं याचंच आधी इतकं बरं वाटलं की काय सांगू. कथावाचन आहे, परिसंवाद आहे, तारांगणाची भेट आहे, नवीन लिहिणाऱ्यांसाठी कार्यशाळा आहे, सगळं छान. आणि मग शेवटच्या पानावर जेवणाच्या वेळा आणि पार्किंग यांच्या मधे एक ओळ आहे, "लहान मुलांसाठी खेळ, जिन्याजवळ". चौकशी केली तेव्हा कळलं की आम्ही टेबलटॉप आणि रोल-प्लेइंग गेमसाठी जी टेबलं मागितली होती ती हीच. म्हणून हे पत्र. आणि उघड लिहितोय कारण हा विषय आमच्या चार मित्रांच्या हौसेचा नाहीये, या शहरात कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत पुष्कळ पोरंपोरी आणि त्यांच्याहून मोठी माणसं घरोघरी हे खेळतायत, ती सगळी विज्ञानकथा वाचणारीच आहेत, आणि त्यांना अजून कुणी बोलवलेलंच नाही.

ज्यांना माहीतच नाही हा प्रकार काय आहे त्यांच्यासाठी आधी सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाकडे एक पात्र, कागदावर त्या पात्राला काय येतं काय येत नाही ते लिहिलेलं. एक जण गेम मास्टर, तो परिस्थिती सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करणार ते सांगतात, आणि जिथे निकाल काय लागेल हे कुणालाच माहीत नसतं तिथे फासे टाकायचे. बस. सोंगट्या, नकाशे, मिनिएचर असले तर असले, नसले तरी चालतं. स्क्रीन नाही, पडदा नाही, कुणी जिंकत नाही कुणी हरत नाही. तीन-चार तास गोष्ट पुढे सरकत राहते आणि ती कुठे जाणार हे गेम मास्टरलाही ठाऊक नसतं.

आता यात विज्ञानकथा कुठे आली, असं तुमच्यातल्या एकांनी फोनवर विचारलं, त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं म्हणून इथे सविस्तर देतो. गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरला एका मित्राकडे आमचा खेळ चालला होता. मालवाहू जहाज, गुरू ग्रहाच्या पलीकडे, दगडाचा तुकडा लागून जहाजाचे रेडिएटर गेले. गेम मास्टरला वाटलं होतं की आता हे लोक दुरुस्तीसाठी बाहेर जातील आणि तिथे थरार होईल. पण जहाजाचा इंजिनियर खेळत होते एक काका, ओझरला एचएएलच्या विमानांच्या कारखान्यात अख्खी नोकरी केलेले, त्यांनी विचारलं, अरे थांबा, आधी मला सांगा आतली उष्णता जाणार कुठे? बाहेर हवा नाही पाणी नाही, पोकळीत उष्णता फक्त किरणांवाटे बाहेर जाते, आणि ती टाकणारे रेडिएटरच गेले, म्हणजे अणुभट्टी चालू ठेवली तर आपण आत भाजून निघू आणि बंद केली तर हवा शुद्ध करणारं यंत्र बॅटरीवर किती तास चालेल? टेबल एकदम शांत. मग बीएस्सीला असलेली एक मुलगी, ती डॉक्टर खेळत होती, म्हणाली की टाकीतलं पाणी उकळू द्या आणि वाफ बाहेर सोडा. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २२६० किलोज्यूल उष्णता लागते, ती वाफेबरोबर निघून जाईल. बरोबर आहे. पण ते पाणी प्यायचं पाणी आहे. आणि जहाजात अकरा माणसं आहेत.

पुढचा अर्धा तास टेबलावर जी चर्चा झाली ना, की किती पाणी सोडायचं, कुणाला आधी गाढ झोपेत पाठवायचं, हे ठरवायचा अधिकार कॅप्टनचा की सगळ्यांचा, खालच्या डेकवरच्या मजुरांना सांगायचं की नाही, ती चर्चा तुमच्या कुठल्याही परिसंवादात ठेवली असती तर लोकांनी कान टवकारून ऐकली असती. नंतर काकांनीच सांगितलं की हा उपाय काही हवेतला नाही, अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये रेडिएटर मालकक्षाच्या दारांच्या आतल्या बाजूला होते आणि ती दारं बंद असताना किंवा जादा उष्णता टाकायची असताना पाण्याची वाफ करून बाहेर सोडणारी यंत्रणा खरोखर वापरायचे. त्या टेबलावर भौतिकशास्त्र होतं आणि त्या भौतिकशास्त्रामुळे माणसांवर आलेली पाळी होती. विज्ञानकथा याहून वेगळी काय असते? कथेत ती पाळी लेखक निस्तरतो आणि आपण वाचतो, इथे ती पाच जणांना आपसात बोलून निस्तरावी लागते, आणि घेतलेला निर्णय पुसता येत नाही.

दुसरी शंका अशी आली की हे साहित्याच्या जवळचं वाटत नाही. तर बघा, एच. जी. वेल्स तुमच्या पहिल्याच सत्रात आहेत, कालयंत्राच्या कादंबरीवर बोलणार आहात. याच वेल्सनी १९१३ साली लिटल वॉर्स नावाचं पुस्तक काढलं, ज्यात खेळण्यातले सैनिक आणि स्प्रिंगवर चालणारी छोटी तोफ घेऊन जमिनीवर खेळायच्या लढाईचे नियम आहेत, आळीपाळीने चाल कशी करायची, कैदी कधी धरायचे, सगळं. आणि त्याच पुस्तकात त्यांनी कळकळीने लिहिलंय की ही छोटी लढाई खऱ्यापेक्षा कितीतरी बरी. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. टेबलावरच्या लढाईच्या खेळांचा इतिहास लिहिणारे सगळे या पुस्तकाशी थांबतात. म्हणजे विज्ञानकथेचा हा आजोबा आपल्या खेळाचाही आजोबा आहे, मग एकाच माणसाची दोन नातवंडं एका मेळाव्यात, एक स्टेजवर आणि एक जिन्याजवळ, हे बरं दिसतं का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पहिला छापील रोल-प्लेइंग गेम १९७४ साली आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, पहिली आवृत्ती फक्त एक हजार खोक्यांची. गायगॅक्स स्वतः भयंकर वाचणारा माणूस. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाईड या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकाच्या शेवटी त्याने आपल्याला कुणाकुणाची पुस्तकं वाचून हे सुचलं याची यादीच दिली आहे, त्यात पोल अँडरसन आहे, रॉजर झेलाझ्नी आहे, जॅक व्हॅन्स आहे. खेळातला जादूगार मंत्र पाठ करतो आणि एकदा वापरला की तो डोक्यातून पुसला जातो, ही कल्पना थेट व्हॅन्सच्या कथांमधली. म्हणजे वाचकांनीच हा खेळ घडवला.

आणि १९७४ म्हटलं की मला दुसरंच आठवतं. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली, कृष्णविवर, पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की लिहिणारे जयंत नारळीकर आहेत. पुढे २०२१ ला आपल्याच नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष नारळीकर, तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत तरी विज्ञानकथाकार अध्यक्ष म्हणून निवडला गेला हे या गावात घडलं याचा मला आजही अभिमान वाटतो. पण त्या आधी एका संस्थेने स्पर्धा ठेवली होती हे विसरून चालणार नाही. जागा दिली, तारीख दिली, वाचणारे परीक्षक दिले. मग कथा आली.

म्हणूनच माझं खरं मागणं टेबलांपेक्षा मोठं आहे. मला या खेळांवर बोलायला जागा हवी आहे. खेळायला काय, घरचा दिवाणखाना आहे. बोलायला मात्र कुठेच नाही.

बोलण्याने काय होतं त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे. तिथे विज्ञानकथाप्रेमींची एक फार जुनी संस्था आहे, १९३४ पासूनची, दर गुरुवारी जमणारी. त्यांच्याकडे एक पद्धत होती, जो तो आपली टाइप केलेली पानं प्रती काढून आणायचा, सगळ्यांची पानं एकत्र शिवून दर आठवड्याला वाटायची, की पुढच्या आठवड्यात त्यावर उत्तरं. १९७५ साली काय झालं, त्या पानांत डंजन्स अँड ड्रॅगन्सची इतकी चर्चा भरायला लागली, कुणाच्या पात्राचं काय झालं, हा नियम असा का, मी तो असा बदलला, की बाकीचे वैतागले. तेव्हा ब्रूस पेल्झ या जुन्या सभासदाने सुचवलं की या चर्चेला वेगळं पत्रक काढा, आणि ली गोल्ड या बाईंनी ते काढलं. अलारम्स अँड एक्सकर्शन्स त्याचं नाव. बाईंनी ते जवळपास पन्नास वर्षं चालवलं! आणि त्यात पत्रं लिहिणारे वाचक-खेळाडू पुढे मोठे गेम डिझायनर झाले, जोनाथन ट्वीट त्यातलाच, २००० साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या मुख्य डिझायनरांपैकी एक. वैताग तिथेही आला होता, पण त्यांनी विषय बाहेर ढकलला नाही, त्याला स्वतःची पानं दिली. तुम्ही पेल्झ व्हा एवढंच म्हणणं आहे.

त्यानंतर खेळ आणि कथा एकमेकांत किती मिसळले याची उदाहरणं द्यायला बसलो तर पत्र संपणार नाही. गेम ऑफ थ्रोन्सवाले जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि त्यांचे न्यू मेक्सिकोतले लेखक मित्र सुपरवर्ल्ड नावाचा रोल-प्लेइंग गेम रात्र रात्र खेळायचे, त्या पात्रांतून १९८७ साली वाइल्ड कार्ड्स ही कथामालिका उभी राहिली. एक्सपान्स ही अंतराळातली मालिका ज्यांनी बघितली असेल त्यांना सांगतो, तिचं सगळं जग टाय फ्रँकने आधी खेळासाठी रचलं होतं, डॅनियल अब्राहम त्या खेळात खेळाडू होता, तो म्हणाला हे लिहून काढू, आणि दोघांनी मिळून २०११ पासून कादंबऱ्या काढल्या. अटलांटाचा ड्रॅगन कॉन हा मेळावा १९८७ ला सुरू झाला तोच मुळी विज्ञानकथा आणि गेमिंगवाल्या मंडळींच्या एका स्थानिक ग्रुपमुळे. आणि २०२४ ला ग्लासगोत भरलेल्या वर्ल्डकॉन या विज्ञानकथेच्या जागतिक संमेलनात, तिथे दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांत गेमसाठी वेगळा विभाग होता, तो बाल्डर्स गेट ३ ला मिळाला, जो काँप्युटरवरचा असला तरी नियम टेबलावरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचे. जगभर विज्ञानकथेच्या मेळाव्यात गेमिंगची खोली असणं आता इतकं रुळलेलं आहे की तिथे कुणी ती का ठेवली हे विचारत नाही.

आपल्याकडे बोलण्यासारखं काय आहे? पुष्कळ आहे. ट्रॅव्हलर घ्या, १९७७ चा मार्क मिलरचा अंतराळातला खेळ. त्यात तुमचं पात्र बनवायचं म्हणजे त्याची आधीची नोकरी चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी फाशांवर जगून काढायची, आणि मूळ नियमांत तर खेळ सुरू व्हायच्या आधीच पात्र नोकरीत मरू शकायचं. जहाज घेतलंत तर त्यावर कर्ज असतं, किमतीचा २४० वा भाग दर महिन्याला, असे ४८० हप्ते, म्हणजे चाळीस वर्षं. आपल्याकडे फ्लॅटचे हप्ते फेडणाऱ्या कुणालाही हा खेळ लगेच कळतो! आणि त्या विश्वात प्रकाशापेक्षा वेगवान निरोप नाहीत, बातमी जहाजाबरोबरच जाते, एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे जायच्या एका उडीला सुमारे आठवडा लागतो, म्हणून राजधानीत काय झालं ते सीमेवर कित्येक महिन्यांनी कळतं आणि तोवर सीमेवरचा अधिकारी आपल्या बुद्धीने राज्य चालवतो. एका नियमातून अख्खी राज्यव्यवस्था निघते. यावर एक तास बोलता येणार नाही? इतिहासाचे प्राध्यापक बोलवा, शनिवारवाड्यावरून अटकेला खलिता जायला किती दिवस लागायचे तिथून सुरू करा, हॉल भरेल.

मग मराठीचा प्रश्न. हे सगळं इंग्रजीत आहे ही तक्रार खरी आहे, पुस्तकं इंग्रजीत आहेत. टेबलावर मात्र लोक मराठीत बोलतात, आणि मराठीत बोलले की खेळच बदलतो, मी डोळ्यांनी बघितलंय. इंग्रजीत कॅप्टन होऊन हुकूम देणारा मुलगा मराठीत आला की त्याला ठरवावं लागतं की समोरच्या म्हाताऱ्या इंजिनियरला अरे म्हणायचं की अहो, आणि तिथेच त्या जहाजावरची नाती उभी राहतात. गोदावरीला पाणी कुणी सोडायचं यावर भांडणाऱ्या २२व्या शतकातल्या दोन वसाहती, कांद्याच्या चाळीसारखे मंगळावरचे साठे, एचएएलवाल्या काकांसारखा इंजिनियर, हे आमच्या टेबलांवर येऊन गेलंय. लिहून कुणी ठेवलं नाही. कारण लिहून दाखवायचं कुणाला?

म्हणून अशी एक स्पर्धा ठेवा, एका पानाच्या मराठी विज्ञान-खेळाची. एका पानात होतं का? होतं. जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज २०१३ चा, एका पानाचा, फुकट मिळतो. पात्राचा एकच आकडा, २ ते ५ मधला. काम तर्काचं किंवा यंत्राचं असेल तर फासा तुमच्या आकड्याच्या खाली यायला हवा, माणसं ओळखायचं, समजवायचं, जीव लावायचं काम असेल तर वर यायला हवा. म्हणजे यंत्रात हुशार असाल तर माणसांत कच्चे राहणार, ती सोय एका आकड्यात केलीये. आणि बरोब्बर तोच आकडा पडला तर गेम मास्टरला एक प्रश्न विचारायचा, खरं उत्तर मिळणार. एवढ्यात एक संध्याकाळ मस्त जाते. कथा लिहायला घाबरणारा पोरगा एक पान नियम लिहायला घाबरणार नाही, आणि परीक्षकांना कथा वाचायला लागतात तितकेही कष्ट नाहीत, सरळ खेळून बघायचं. पहिल्या वर्षी मोजक्या प्रवेशिका आल्या तरी चालेल.

आवाजाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, टेबलं ओरडतात. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की लोक उभे राहतात, त्याला इलाज नाही, म्हणून तर कथावाचनाच्या हॉलजवळ नको आणि येण्याजाण्याच्या जिन्याजवळ तर अजिबात नको, तिथे गेम मास्टरचं बोलणं शेवटच्या खुर्चीला ऐकू येत नाही आणि मधूनमधून कुणीतरी थांबून हे काय पत्ते खेळताय का विचारतं. दार लागणारी एक खोली द्या. एका टेबलाला पाच खेळाडू आणि एक चालवणारा, याहून जास्त नको. सकाळी एक आणि दुपारी एक असे तीन-तीन तासांचे दोन फेरे, मधे जेवण. पात्रं आम्ही आधी तयार करून आणू म्हणजे नवख्यांचा पहिला तास कागद भरण्यात जाणार नाही, आणि नावनोंदणीचा कागद बाहेर लावा, नाहीतर आमचेच लोक सगळ्या जागा अडवतील आणि जे पहिल्यांदा बघायला आलेत ते उभेच राहतील.

मुली आणि शाळेतली मुलं अनोळखी लोकांबरोबर बसणार ही पालकांची काळजी रास्त आहे. त्यासाठी जगभर वापरतात ती सोपी पद्धत आम्हीही वापरतो, टेबलाच्या मधे फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं, कुणालाही गोष्टीतलं काहीही नकोसं झालं की कार्डावर बोट ठेवायचं, ती गोष्ट तिथेच सोडायची, का म्हणून विचारायचं नाही. जॉन स्टाव्ह्रोपुलोस नावाच्या माणसाने ही युक्ती काढली. शाळकरी मुलांचं टेबल वेगळं ठेवू आणि तिथे पालकांना बसायला खुर्च्या ठेवू. त्यातले निम्मे पालक दुपारच्या फेरीत स्वतः खेळायला बसतील असं माझं म्हणणं आहे.

हे गाव ऐकणाऱ्यांचं आहे. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, कुसुमाग्रज स्मारकातले कार्यक्रम, आपण व्याख्यानाला शेवटच्या रांगेतसुद्धा शांत बसतो आणि मला ते आवडतं. पण विज्ञानकथेला नुसतं ऐकणारे पुरत नाहीत, तिला मधेच हात वर करून अहो पण उष्णता जाणार कुठे असं विचारणारे लागतात, आणि ते या टेबलांवर बसलेले आहेत.

तर पत्रिका छापायला जायच्या आधी एवढं करा. खेळांची ओळ जेवण आणि पार्किंगमधून काढून सत्रांच्या यादीत घाला. पहिल्या दिवशी मुख्य स्टेजवर एक तास चर्चेला द्या, विषय "खेळातली विज्ञानकथा", बोलणारे आम्ही सुचवतो, त्यात निदान एक लेखक आणि एक विज्ञान शिकवणारा माणूस असेल. एका पानाच्या खेळाची स्पर्धा जाहीर करा, बक्षिसाची रक्कम आम्ही वर्गणीतून जमवू. फासे, पेन्सिली, कागद, टेबलं चालवणारी माणसं आमची. खोलीचं भाडं वेगळं पडत असेल तर तेही सांगा, सिंहस्थाच्या गडबडीत हॉल मिळणं किती अवघड झालंय ते आम्हालाही माहीत आहे, त्यामुळे लवकर कळवलंत तर शोधायलाही मदत करतो. येत्या रविवारी सकाळी तुम्हाला जमत असेल तर आम्ही तिघं-चौघं भेटायला येतो, वेळ तुम्ही सांगा, एक खेळ बरोबर आणतो आणि तुमच्या कमिटीला बसवूनच दाखवतो.

आपला,
विज्ञानकथा वाचणारा आणि खेळणारा एक नाशिककर